पॉल माउझर

पीटर पॉल माउझर (२७ जून १८३८ – २९ मे १९१४) हे जर्मन बंदूकसंशोधक आणि कारखानदार होते. बोल्ट फिरवून उघडण्या-मिटण्याच्या रायफलीला त्यांनी जे रूप दिले, तेच थोड्याफार फरकाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील अनेक सैन्यांच्या हाती होते. १८९८ साली जर्मन सैन्याने स्वीकारलेली ‘गेवेअर ९८’ ही त्यांची सर्वांत प्रसिद्ध रायफल होय. आजही शिकारीच्या अनेक रायफली याच रचनेवर बेतलेल्या असतात. भारतात ‘माउझर’ हे नाव रायफलीपेक्षा पिस्तुलामुळे, विशेषतः क्रांतिकारकांच्या इतिहासामुळे, अधिक परिचित आहे.

जन्म व बालपण

माउझर यांचा जन्म तत्कालीन व्युर्टेम्बर्ग राज्यातील नेकार नदीकाठच्या ओबर्नडॉर्फ या लहान गावी झाला. व्युर्टेम्बर्गचे राजे पहिले फ्रीडरिश यांनी तेथील ऑगस्टिनियन पंथाच्या जुन्या मठात सरकारी बंदूक कारखाना सुरू केला होता आणि पॉल यांचे वडील फ्रान्त्स आंद्रेआस माउझर तेथे बंदूक कारागीर होते. तेरा भावंडांत पॉल सर्वांत धाकटे. घरातील बहुतेक मुलांची वाट ठरलेली होती. शाळा संपली की कारखाना. फ्रान्त्स नावाचा एक भाऊ १८५३ साली अमेरिकेला गेला व पुढे रेमिंग्टन कंपनीत कामाला लागला. पॉल यांनीही शाळा सुटल्यावर कारखान्यातच उमेदवारी केली.

त्या काळी बंदुकीच्या कारखान्यातील काम म्हणजे बहुतांशी कानशीचे काम होते. यंत्रावरून निघालेला सुटा भाग दुसऱ्या भागात नीट बसत नसे. कारागीर तो कानशीने थोडा घासी, बसवून पाही, पुन्हा घासी. पोलादाला पाणी केव्हा द्यायचे, कोणता पृष्ठभाग आरशासारखा झाला पाहिजे आणि कोणता तसाच ठेवला तरी चालतो, हे हाताला कळावे लागे. माउझर यांचे पुढचे सर्व संशोधन या हाताच्या ज्ञानावर उभे राहिले. त्यांना अभियांत्रिकीचे औपचारिक शिक्षण मिळालेले नव्हते.

सैन्यातील नोकरी आणि पहिला बोल्ट

१८५९ साली सक्तीच्या लष्करी सेवेसाठी त्यांना बोलावणे आले आणि लुडविग्सबुर्ग येथील शस्त्रागारात त्यांची नेमणूक तोफखान्याकडे झाली. तेथेही त्यांनी बंदुकांच्या दुरुस्तीचेच काम केले. याच सुमारास प्रशियाच्या ड्रायझे यांच्या ‘सुई बंदुकी’ने त्यांचे लक्ष वेधले. मागून भरता येणारी ही बंदूक तोंडातून ठासायच्या बंदुकीपेक्षा कितीतरी वेगाने चाले. मात्र तिच्यात मोठे दोष होते. काडतूस कागदाचे असल्याने बोल्टच्या सांध्यातून गरम वायू सैनिकाच्या तोंडाकडे येई. सुई लांब व बारीक असल्याने ती लवकर झिजे, कधी मोडे. शिवाय दर वेळी बोल्ट उघडण्यापूर्वी सुईची यंत्रणा हाताने वेगळी मागे ओढावी लागे.

माउझर यांनी यातील शेवटच्या दोषावर जो उपाय शोधला, तो साधा होता. बोल्टच्या मागील टोकाला त्यांनी तिरपा कंगोरा दिला. दांडी वर फिरवली की हा उतार सुईमागचा भाग आपोआप मागे रेटतो आणि स्प्रिंग ताणली जाते. त्यामुळे सैनिकाची एक हालचाल वाचली. फिरवण्याच्या याच हालचालीत, नळीत चिकटून बसलेले रिकामे काडतूस प्रथम सैल करण्याचीही सोय त्यांनी केली. दोन्ही कामांसाठी पृष्ठभाग एकमेकांवरून सरकावे लागतात आणि त्यामुळेच घर्षण हा माउझर यांच्या सर्व रचनांमधील कायमचा प्रश्न राहिला.

नॉरिस, लिएज आणि स्पान्डाउ

पॉल यांचे थोरले बंधू विल्हेल्म (१८३४–१८८२) यांना व्यवहाराची जाण होती. पॉल यंत्रावर काम करत आणि विल्हेल्म दारोदार फिरून गिऱ्हाईक शोधत. व्युर्टेम्बर्ग सरकारने फारसा रस दाखवला नाही. अखेर रेमिंग्टन कंपनीचे प्रतिनिधी सॅम्युएल नॉरिस या अमेरिकन गृहस्थांना त्यांच्या बोल्टमध्ये व्यापारी शक्यता दिसली. फ्रान्सच्या शास्पो रायफलीला धातूच्या काडतुसासाठी बदलून देता येईल, असा नॉरिस यांचा होरा होता. १८६७ साली करार झाला, दोघे बंधू बेल्जियममधील लिएज येथे गेले आणि १८६८ साली अमेरिकेत या रचनेचे पेटंट घेण्यात आले. पेटंटावर नॉरिस यांचेही नाव होते. फ्रेंचांनी मात्र या योजनेत लक्ष घातले नाही. नॉरिस यांचा उत्साह मावळला, पैसे थांबले आणि पॉल ओबर्नडॉर्फला परतून लहानशा कार्यशाळेत पुन्हा कामाला लागले.

विल्हेल्म यांनी स्पान्डाउ येथील प्रशियाच्या लष्करी चाचणी केंद्राकडे प्रयत्न चालू ठेवले. फ्रान्सशी झालेल्या १८७०-७१च्या युद्धात सुई बंदूक शास्पोपुढे कमी पडल्याचे प्रशियाला दिसून आले होते. त्यामुळे नव्या रायफलीची निकड होतीच. परीक्षकांनी माउझर यांच्याकडे सुरक्षा खटक्याची मागणी केली. पॉल यांनी बोल्टच्या मागे पंखासारखा फिरणारा खटका बसवला आणि १८७२च्या आरंभी ‘गेवेअर ७१’ ही ११ मिलिमीटर व्यासाची, एका वेळी एकच गोळी झाडणारी रायफल स्वीकारली गेली. नव्याने एकत्र आलेल्या जर्मन साम्राज्याची ही मुख्य रायफल ठरली. तथापि उत्पादन सरकारी शस्त्रागारांकडे गेले. बंधूंच्या वाट्याला सुरुवातीला आली ती रायफलीचे नेम साधण्याचे पट्टे बनवण्याची कामे.

कारखाना आणि भावाचा मृत्यू

व्युर्टेम्बर्गच्या सैन्यासाठी एक लाख रायफली बनवण्याचे कंत्राट मिळाल्यावर चित्र बदलले. स्टुटगार्टच्या व्युर्टेम्बर्ग फेराइन्सबांक या बँकेच्या भागीदारीत माउझर बंधूंनी १८७४ साली ओबर्नडॉर्फचा सरकारी कारखाना विकत घेतला. ज्या कारखान्यात वडील कारागीर होते, त्याच कारखान्याचे मुलगे मालक झाले.

विल्हेल्म यांची प्रकृती नाजूक होती. कंत्राटांसाठी चीनपासून सर्बियापर्यंत पत्रव्यवहार, प्रवास आणि वाटाघाटी यांचा सर्व भार त्यांच्यावरच होता. सर्बियाची ऑर्डर हाती आलेली असतानाच १३ जानेवारी १८८२ रोजी त्यांचे निधन झाले. माउझर चरित्रात विल्हेल्म यांचा उल्लेख बहुधा ओझरता येतो, ही त्यांच्यावर अन्याय करणारी गोष्ट आहे. पॉल यांचा बोल्ट स्पान्डाउच्या परीक्षकांसमोर पोहोचला तो विल्हेल्म यांच्या चिकाटीमुळेच.

१८८४ साली कंपनीचे भागभांडवली कंपनीत रूपांतर झाले आणि त्याच वर्षी आठ गोळ्यांचे नळीदार मॅगझिन असलेली ‘गेवेअर ७१/८४’ जर्मन सैन्यात आली. १८८७ साली तुर्कस्तानने पाच लाख रायफली व पन्नास हजार कार्बाइनांची प्रचंड मागणी नोंदवली. त्याच वर्षाअखेर बँकेने आपले भाग बर्लिनच्या लुडविग लोवे कंपनीला विकले. पॉल तांत्रिक प्रमुख राहिले, पण मालकी हातातून गेली.

१८८८चा नकार

१८८६ साली फ्रान्सने धूरविरहित दारूवर चालणारी लेबेल रायफल आणली. त्यामुळे काळ्या दारूच्या सर्व रायफली एका रात्रीत जुन्या झाल्या. जर्मनीने घाईघाईने एक रायफल आयोग नेमला. या आयोगाने माउझर यांना बाजूला ठेवून, ऑस्ट्रियाच्या मानलिशर यांच्या मॅगझिनच्या धर्तीवर ‘गेवेअर ८८’ तयार केली. तिच्या बोल्टमध्ये माउझर यांच्याच जुन्या रचनेचे अंश होते. स्वतःच्या देशाने आपल्याला वगळावे, हा माउझर यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठा अपमान म्हणावा लागेल.

पुढील दहा वर्षे त्यांनी परदेशी सैन्यांसाठी काम केले आणि त्यांची उत्तम निर्मिती याच काळातील आहे. १८८९ साली बेल्जियमने त्यांची रायफल स्वीकारली. पाच काडतुसे पत्र्याच्या पट्टीत अडकवून एका दाबासरशी मॅगझिनमध्ये उतरवण्याची पद्धत तिच्यात होती. दीड लाख रायफलींच्या या मागणीसाठीच हर्स्टाल येथे एफएन हा प्रसिद्ध कारखाना उभा राहिला. १८९३च्या स्पॅनिश रायफलीत ७ मिलिमीटरचे काडतूस होते आणि पाचही काडतुसे नागमोडी ओळीत लाकडी दस्त्याच्या आतच मावत. १८९८ साली क्युबामध्ये सान हुआन टेकडीवर अमेरिकन सैन्याला या रायफलींचा प्रत्यय आला. दक्षिण आफ्रिकेत बोअर शेतकऱ्यांच्या हातीही तशाच रायफली होत्या आणि दूर अंतरावरून त्यांनी साधलेल्या नेमामुळे ब्रिटिशांना आपल्या शस्त्रांचा फेरविचार करावा लागला. अमेरिकेने पुढे १९०३ साली जी स्प्रिंगफील्ड रायफल काढली, तिच्यात माउझर यांची पेटंटे इतकी उघडपणे वापरली होती की अमेरिकन सरकारने कंपनीला एकूण दोन लाख डॉलर स्वामित्वशुल्क देण्याचे मान्य केले.

गेवेअर ९८

५ एप्रिल १८९८ रोजी जर्मन सैन्याने माउझर यांची नवी रायफल स्वीकारली. हिच्यात मागील पंधरा वर्षांचे सर्व अनुभव एकत्र आले होते. बोल्टच्या पुढील टोकाला दोन भक्कम अडसर आणि दांडीजवळ तिसरा राखीव अडसर होता. काडतूस फुटल्यास वायू खाली मॅगझिनकडे वळावा म्हणून बोल्टला भोके होती आणि नेमबाजाच्या डोळ्यांच्या रक्षणासाठी मागे रुंद कडे होते. काडतूस मॅगझिनमधून वर आल्याक्षणी लांब नखीसारखी पकड त्याची कड धरी, त्यामुळे रायफल उलटी धरली तरी काडतूस निसटत नसे. १८९३ ते ९६ दरम्यानच्या रायफलींत बोल्ट पुढे ढकलताना स्प्रिंग ताणली जाई. ९८मध्ये ती पुन्हा दांडी वर करतानाच ताणली जाऊ लागली.

चाप आणि वंगण

माउझर रायफलीचा चाप हा नेमबाज व बंदूक कारागीर यांच्या विशेष आवडीचा विषय आहे. टप्प्याटप्प्याने ओढला जाणारा चाप माउझर यांच्या आधी ड्रायझेच्या बंदुकीतही होता. माउझर यांनी त्याला जे सुटसुटीत रूप दिले, ते मात्र टिकून राहिले.

रचना अशी आहे. ताणलेल्या स्प्रिंगचा सर्व जोर सुईमागच्या तुकड्यावर असतो आणि तो तुकडा ‘सीअर’ नावाच्या एका अडकणीवर अडून बसलेला असतो. सीअर एका पिनेभोवती हलते आणि खालून एक लहान स्प्रिंग तिला वर धरून ठेवते. चाप सीअरलाच दुसऱ्या पिनेने जोडलेला असून त्याच्या माथ्यावर दोन उंचवटे असतात. चाप ओढताना पहिला उंचवटा रायफलीच्या पोलादी सांगाड्याच्या खालच्या बाजूस टेकतो व सीअर भराभर खाली येते. हा पहिला टप्पा लांब पण हलका असतो. मग दुसरा उंचवटा टेकतो, तरफेचे प्रमाण बदलते आणि बोटाला एकदम अडथळा जाणवतो. येथे सीअरची पकड केवळ पातळ कडेइतकी उरलेली असते. आणखी किंचित दाब दिला की गोळी सुटते.

यातील शहाणपण सुरक्षिततेत आहे. बोट चापावर नसताना सीअरची पकड खोल असते. त्यामुळे रायफल दगडावर आपटली, घोड्यावरून पडली तरी सहसा ती उडत नाही. नेमाच्या क्षणी मात्र पकड उथळ होऊन नेमबाजाला नेमका सुटकेचा बिंदू कळतो. खोल पकड आणि हलकी सुटका या परस्परविरोधी गरजा माउझर यांनी चार-पाच साध्या तुकड्यांत भागवल्या. त्यात फिरवायचा एकही स्क्रू नव्हता, म्हणजे सैनिकाच्या हातून बिघडण्यासारखे काही नव्हते.

लष्करी रायफलीचा चाप तरीही जड असे. सुटकेसाठी साधारणपणे तीन किलोच्या आसपास दाब लागे आणि घाईने बनवलेल्या रायफलीत पृष्ठभाग खरबरीत राहिल्यास ओढताना करकर जाणवे. म्हणूनच या चापाला गुळगुळीत करण्याची एक वेगळी कारागिरी विकसित झाली. घर्षणाच्या जागा मोजक्याच आहेत: सीअर व सुईमागच्या तुकड्याचे समोरासमोरचे पृष्ठ, उंचवट्यांचे माथे व ते जेथे टेकतात तो भाग, आणि दोन पिना. जाणकार कारागीर प्रथम या जागा स्वच्छ करून जुने घट्ट झालेले तेल काढतो आणि पिनांना हलक्या तेलाचा थेंब व घासणाऱ्या पृष्ठांना वंगणाचा अगदी पातळ लेप देतो. पुष्कळदा एवढ्यानेच फरक पडतो. त्यानंतरही खरबरीतपणा राहिलाच, तर बारीक दगडाने घासण्याचा प्रश्न येतो, आणि तेथे मात्र धोका सुरू होतो.

कारण या तुकड्यांचे पोलाद सर्वत्र सारखे कठीण नसते. त्यांच्या पृष्ठावरचा एक पातळ थरच कठीण केलेला असतो. तो घासून गेला की आतील मऊ धातू उघडा पडतो, भराभर झिजतो आणि आज छान वाटणारा चाप काही शे गोळ्यांनंतर अविश्वसनीय होतो. कडा गोल झाली किंवा पृष्ठाचा कोन थोडाही बदलला, तर सीअर स्वतःच घसरू शकते आणि बोल्ट मिटताक्षणी गोळी उडते. उंचवटे घासून पहिला टप्पा नाहीसा करण्याचा मोह अनेक हौशी लोकांना होतो. त्याने माउझर यांनी योजलेली खोल पकडच नाहीशी होते. म्हणून हे काम जुन्या परंपरेत फक्त शिकलेल्या कारागिराकडे सोपवले जाई, आणि झाल्यावर रिकाम्या रायफलीचा दस्ता रबरी हातोडीने ठोकून खटका सुटतो का ते पाहिले जाई.

वंगणाचेही तसेच. जास्त तेल हे कमी तेलाइतकेच वाईट. कडाक्याच्या थंडीत घट्ट झालेले ग्रीझ सुईची गती मंदावते आणि काडतूस फुटत नाही. धुळीच्या प्रदेशात तेलाला वाळू चिकटून तिचीच कानस बनते. अशा ठिकाणी यंत्रणा जवळजवळ कोरडी ठेवणेच श्रेयस्कर ठरते.

शिकारी ग्राहकांसाठी ओबर्नडॉर्फच्या कारखान्याने वेगळा मार्ग ठेवला होता. जर्मन परंपरेतील दुहेरी चाप तेथे बसवून मिळे. मागचा चाप ओढून यंत्रणा सज्ज करायची आणि मग पुढच्या चापाला नुसता स्पर्श पुरे.

डोळा गमावला

माउझर यांना स्वयंचलितपणे पुन्हा भरली जाणारी रायफल बनवायची होती. १९०१ साली अशाच एका प्रायोगिक रायफलीची चाचणी घेत असताना ती फुटली आणि त्यांचा एक डोळा गेला. ज्या माणसाने सैनिकाच्या डोळ्यांसाठी बोल्टला संरक्षक कडे लावले, त्याच्या बाबतीत हे घडावे, हा दैवाचा विचित्र खेळ होता. ते त्यावेळी त्रेसष्ट वर्षांचे होते. तरीही त्यांनी प्रयोग थांबवले नाहीत. परंतु समाधानकारक स्वयंभरण रायफल त्यांच्या हयातीत सिद्ध झाली नाही.

याच काळात, १८९८ ते १९०३ दरम्यान, ते जर्मन राइखस्टागचे सदस्यही होते. राजकारणातील त्यांची कामगिरी विशेष नोंदवण्याजोगी नाही. १९१२ साली त्यांना सरदारकी बहाल झाली व नावात ‘फॉन’ जोडले गेले. २९ मे १९१४ रोजी ओबर्नडॉर्फ येथे त्यांचे निधन झाले. दोन महिन्यांनी पहिले महायुद्ध सुरू झाले आणि जर्मन पायदळ त्यांचीच रायफल घेऊन आघाडीवर गेले.

पिस्तूल

‘सी ९६’ या नावाने ओळखले जाणारे माउझर पिस्तूल वास्तविक कारखान्यातील फेडर्ले बंधूंची निर्मिती होते. पेटंट मात्र मालकाच्या नावे घेतले गेले. मॅगझिन चापाच्या पुढे असलेले आणि लाकडी खोळ मागे जोडून खांद्यावर धरता येणारे हे पिस्तूल ओळखायला सोपे आहे. तरुण विन्स्टन चर्चिल यांनी १८९८ साली सुदानमधील ओम्दुर्मानच्या लढाईत ते वापरले होते.

भारताशी संबंध

२६ ऑगस्ट १९१४ रोजी, माउझर यांच्या मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आतच, कलकत्त्यातील रोडा कंपनीच्या मालातून ५० माउझर पिस्तुले आणि ४६ हजार काडतुसे बंगालच्या क्रांतिकारकांनी पळवली. ही पिस्तुले निरनिराळ्या गटांत वाटली गेली व पुढील अनेक कृत्यांत वापरली गेली. सप्टेंबर १९१५ मध्ये ओडिशातील बालासोर येथे बाघा जतीन व त्यांच्या सहकाऱ्यांनी पोलिसांशी दिलेल्या लढतीतही माउझर पिस्तुलेच होती. १९२५च्या काकोरी प्रकरणातही या पिस्तुलाचा उल्लेख येतो.

रायफलीचा संबंध शिकारीच्या मार्गाने आला. लंडनची रिग्बी कंपनी माउझर बोल्टवर शिकारी रायफली बनवत असे. १९०७ साली चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्याबद्दल जिम कॉर्बेट यांना भेट मिळालेली ०.२७५ रिग्बी रायफल याच प्रकारची होती. तिचे काडतूस म्हणजे स्पॅनिश माउझरचे ७ मिलिमीटरचेच काडतूस, फक्त इंग्रजी नावाने.

कारखान्याचे पुढे काय झाले

पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहामुळे शस्त्रनिर्मितीवर बंधने आली आणि ओबर्नडॉर्फमध्ये मोजमापाची उपकरणे, शिवणयंत्रे व मोटारीही बनू लागल्या. १९३५ साली जर्मन सैन्याने गेवेअर ९८ची आखूड आवृत्ती ‘काराबिनेर ९८के’ स्वीकारली व दुसऱ्या महायुद्धात तीच मुख्य रायफल राहिली. १९४५ नंतर फ्रेंच ताब्यात असताना कारखान्याची यंत्रे उचलून नेण्यात आली. तेथील काही माजी अभियंत्यांनी १९४९ साली त्याच गावात हेक्लर अँड कॉख ही कंपनी स्थापन केली. माउझर यांच्या काळातील शस्त्रांचा संग्रह ओबर्नडॉर्फच्या शस्त्रसंग्रहालयात पाहावयास मिळतो.